विश्लेषण : जाहिरातीचे पैसे चालतात, मग जिंकलेले बक्षीस का नाही? अमेरिकी कॉलेज टेनिसमधील वाद काय?

शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकण्याचे आणि खेळण्याचे स्वप्न पाहणाऱ्या आपल्याकडील खेळाडूंनी व पालकांनीही हा वाद समजून घ्यायला हवा.

अमेरिकेतील कॉलेज खेळाडू २०२१ पासून जाहिरातींतून हवे तेवढे पैसे कमावू शकतात. पण कोर्टवर सामने जिंकून मिळालेले बक्षीस घेतले, तर कॉलेजच्या संघातली जागा धोक्यात येऊ शकत होती. या विसंगतीविरोधात एक टेनिसपटू थेट न्यायालयात गेली.

प्रकरण काय आहे?

रीस ब्रँटमायर ही अमेरिकी टेनिसपटू १६ वर्षांची असताना २०२१ च्या यूएस ओपनमध्ये खेळली. तिथे तिची बक्षिसाची कमाई झाली ४८,९१३ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ३६ लाख रुपये. पुढे तिला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून खेळायचे होते. त्यामुळे यातील बहुतांश रकमेवर तिला पाणी सोडावे लागले.

कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने तिच्या खर्चाच्या हिशेबावरही आक्षेप घेतले. यूएस ओपनच्या वेळी ती अल्पवयीन असल्याने आई सोबत होती. दोघी हॉटेलच्या एकाच खोलीत राहिल्या, तर त्या खोलीचा पूर्ण खर्च खेळाडूचा धरायचा का, इथपर्यंत वाद गेला, असे तिच्या याचिकेत म्हटले आहे. पात्रता मिळवण्यासाठी तिला ५,१०० डॉलर धर्मादाय संस्थेला द्यावे लागले, असेही त्यात नमूद आहे. मार्च २०२४ मध्ये तिने एनसीएएविरुद्ध दावा दाखल केला.

नियम नेमका काय होता?

दावा दाखल झाला तेव्हाच्या नियमानुसार, कॉलेजात प्रवेश घेण्यापूर्वी टेनिसपटूला एका कॅलेंडर वर्षात १० हजार डॉलरपर्यंत बक्षीस ठेवता येत होते. त्यापुढे प्रत्येक स्पर्धेत फक्त त्या स्पर्धेचा प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्च भरून निघेल, एवढीच रक्कम घेता येत होती. इतर बहुतेक खेळांत ही १० हजारांची सवलतही नव्हती.

उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या मुलीने वर्षात १० हजार डॉलर आधीच घेतले आहेत. पुढच्या स्पर्धेत तिला ३,००० डॉलर मिळाले आणि त्या स्पर्धेचा खर्च १,८०० डॉलर झाला. त्या नियमानुसार उरलेले १,२०० डॉलर तिला सोडावे लागत. आधीच्या चार स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरून खिशातून गेलेला खर्च यातून वजा होत नव्हता. टेनिसमध्ये अशा रिकाम्या हाताच्या वाऱ्याच जास्त असतात, हे कोणताही पालक सांगेल.

ऑलिम्पिकसाठी वेगळा न्याय?

हो. देशाच्या ऑलिम्पिक समितीकडून पदकासाठी मिळणारी रक्कम एनसीएएला चालते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू केटी लेडेकीने चार सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले. सुवर्णाला २५ हजार आणि रौप्याला १५ हजार डॉलर या दराने तिचे १ लाख १५ हजार डॉलर झाले. त्यानंतर ती स्टॅनफर्डकडून खेळलीही. सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग टेक्सास विद्यापीठात शिकत असतानाच रिओत सुवर्ण जिंकला. त्याला मायदेशातून सात लाख अमेरिकी डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. त्याच्याही पात्रतेला धक्का लागला नाही.

मग जाहिरातींना परवानगी कशी मिळाली?

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि प्रतिमा वापरून कमाई करण्याची मुभा मिळाली. १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.

कॉलेज खेळ हौशी राहावेत, मुरलेल्या व्यावसायिकांनी शाळकरी मुलांच्या जागा घेऊ नयेत, हा बक्षिसावरील बंधनामागचा युक्तिवाद. पण विद्यापीठच पगारासारखे पैसे देऊ लागल्यावर हौशी शब्दाला अर्थ उरतो का, हा प्रश्न आहे.

निवड किती अवघड?

ऑस्ट्रेलियाची माया जॉइंट हिने २०२४ च्या यूएस ओपनची दुसरी फेरी गाठली. तिथवरचे बक्षीस होते १ लाख ४० हजार डॉलर. तिला टेक्सास विद्यापीठात जायचे होते. तिने कॉलेज सोडून व्यावसायिक टेनिसची वाट धरली.

भारतीयांचा संबंध काय?

सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएए एकेरीचे विजेतेपद मिळवले. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली. या वाटेने जाणारी मुले आधी वर्षानुवर्षे घरच्या पैशाने स्पर्धा खेळतात.

शिवाय एफ-१ विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत परवानगीशिवाय काम करता येत नाही. त्यामुळे जाहिरातींचा जो दरवाजा अमेरिकी खेळाडूंना उघडा आहे, तो आपल्या मुलांसाठी जवळपास बंदच राहतो. त्यांच्यासाठी बक्षीस हीच खरी कमाई.

पालकांनी काय करावे?

* पहिल्या व्यावसायिक स्पर्धेपासून प्रवास, हॉटेल, प्रशिक्षण आणि प्रवेश शुल्काच्या पावत्या स्पर्धेनुसार वेगळ्या ठेवा.
* खेळाडू व पालकांचा खर्च स्वतंत्र लिहा. खोली एकच असेल, तर तशी नोंद करा.
* बक्षीस खात्यात घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या नियमपालन विभागाला ईमेल करून लेखी उत्तर मिळवा.
* नियम वेगाने बदलत आहेत. सीनियर खेळाडूच्या अनुभवावर विसंबू नका, प्रवेशाच्या वर्षी लागू असलेला नियम पाहा.
* एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी करताना कोणतेही बक्षीस लपवू नका. स्पर्धांचे निकाल आणि बक्षिसांचे आकडे इंटरनेटवर सहज सापडतात.