भातसाच्या काठी सत्तर चिन्हे

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या माणसाशी बँक, महावितरण किंवा सरकारी खाते आता बहुतेक वेळा बोलते ते मोबाइलवरच्या लहानशा संदेशातून. अनुदान जमा झाले, बिल निघाले, ओटीपी अमुक. हे संदेश कुणी बसून टाइप करत नाही. खात्याच्या सर्व्हरवरचा प्रोग्राम मोबाइल क्रमांक, मजकूर, पाठवणाऱ्याचे ठरावीक संक्षिप्त नाव आणि परवलीची किल्ली एवढी माहिती भरून इंटरनेटवरच्या एका पत्त्यावर विनंती धाडतो. त्या पत्त्यावरची यंत्रणा म्हणजे एसएमएस गेटवे. तो विनंती तपासतो आणि मजकूर मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्राकडे सोपवतो. सरकारी खात्यांसाठी असा सामायिक गेटवे केंद्राच्या ‘मोबाइल सेवा’ उपक्रमात सी-डॅकच्या मुंबई केंद्राने उभारला. पीएचपी किंवा जावाच्या थोड्या ओळींत कुठलेही खाते तो वापरू शकते, आणि २०१४ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. यंत्र चोख आहे. त्यातून मराठी मात्र अंग चोरून जाते, आणि त्याचे खापर फुटते देवनागरीच्या डोक्यावर. माझ्या मते ते तिथे फुटू नये.

देवनागरीवरचा आक्षेप खोटा नाही. एसएमएसच्या एका पाकिटात १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात म्हणून तिथे १६० अक्षरे बसतात; देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात म्हणून ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘मुरबाड’ कागदावर चार अक्षरांचे, मोजणीत सहा चिन्हांचे. मजकूर ७० च्या वर गेला की त्याचे तुकडे पडतात, जोडणीची खूण ठेवायला जागा लागते म्हणून तुकड्यात ६७ च उरतात, आणि आकार तुकड्यागणिक पडतो. यावर उतारा मानकांतच आहे. मोबाइल मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी या संघटनेने हिंदीसह अनेक भारतीय भाषांसाठी ७ बिटांचे अक्षरतक्ते ठरवून दिलेले आहेत, पण ते व्यवहारात रुजले नाहीत. मग लाखोंनी संदेश पाठवणाऱ्या खात्याचा हिशेबनीस इंग्रजीकडे वळतो, नाहीतर रोमन लिपीतल्या मराठीकडे, जी कुणालाच धड वाचता येत नाही.

पण ही ७० चिन्हे जातात कुठे ते पाहावे. ‘सर्व संबंधित नागरिकांना याद्वारे सूचित करण्यात येते की’ या सरकारी सलामीतच ५४ चिन्हे संपतात, आणि नागरिकाला अजून काहीच कळलेले नसते. आता हे वाचा: ‘भातसा धरणातून पाणी सोडणार. आज सायंकाळी ६ नंतर नदीपात्रात जाऊ नका.’ मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ही ६५ चिन्हे होतात. कुठले धरण, काय होणार, कधी, आणि काय करू नये, सगळे एका पाकिटात आले. म्हणजे मराठी महाग पडते ती लिपीने थोडी आणि मसुद्याने जास्त. मुंबईची तहान भागवणारे भातसा, तानसा आणि मोडकसागर हे तिन्ही जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. पावसाळ्यात काठच्या गावांना असा निरोप स्वच्छ मराठीत मिळणे ही चैन म्हणता येणार नाही.

नियम आडवे येतात, असेही सांगितले जाते. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थेला आपले नाव आणि प्रत्येक संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो. मार्च २०२१ मध्ये साच्याशी न जुळणारे संदेश अडवायला सुरुवात झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ती तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. तेव्हा जाच आहे हे कबूल. पण साचा मराठीतही नोंदवता येतो, आणि एकदा नोंदवलेला साचा हजारो वेळा जसाच्या तसा जात असल्याने त्याच्यावर घालवलेली एक दुपार पुढे वर्षानुवर्षे भरून निघते. वाटेल तसा मजकूर पाठवता येत असता, तर मी हा आग्रह इतका धरला नसता. प्रोग्रामरने एवढेच पाहायचे की विनंतीत युनिकोडची खूण लावली आहे. ती राहिली तर फोनवर प्रश्नचिन्हांची रांग उतरते.

व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला, हा सर्वांत जोरकस प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपला बरा फोन आणि चालू इंटरनेट हवे. एसएमएस बटणाच्या फोनवरही येतो, आणि फोन सह्याद्रीच्या कड्याखाली सिग्नलबाहेर असला तर संदेश केंद्र तो जपून ठेवते व फोन टप्प्यात आला की देते. मुरबाडमधल्या धसईचा डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजावाजा झाला. अशा व्यवहारात बँकेचा संदेश हीच हातातली पावती, आणि ती वाचता आली नाही तर पावती कसली? ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी मात्र एसएमएस अपुरा आहे. तिथे रेकॉर्ड केलेला आवाजी कॉल हवा, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एका गोष्टीत खाती स्वतःची फसवणूक करून घेतात. गेटवे विनंतीला लगेच उत्तर देतो, त्याचा अर्थ ‘स्वीकारला’ एवढाच असतो. ‘पोहोचला’ किंवा ‘मुदत संपली’ हा अहवाल मागाहून येतो, आणि तो कुणी उघडून पाहिला नाही तर पाठवलेल्यांचा आकडाच पोहोचलेल्यांचा म्हणून वर जातो. पाणी सोडण्याच्या इशाऱ्याची मुदत काही तासांचीच ठेवावी, कारण दुसऱ्या दिवशी उगवलेला ‘आज सायंकाळी’ नुसता गोंधळ उडवतो. आणि मुदतीत न पोहोचलेल्या क्रमांकांची गाववार यादी प्रोग्रामने त्याच तासाला तहसील कार्यालयापुढे ठेवावी, म्हणजे त्या घरांपर्यंत जायला पोलीस पाटलाच्या हातात अजून उजेड असेल.