मेलबर्नचे तीन गोल

आमच्या सिंदी (रेल्वे)त फुटबॉल म्हटलं की पोरं थेट मेस्सीवर जातात. मी त्यांना नेव्हिल डिसूझा सांगतो. मूळचा गोव्यातल्या आसगावचा, खेळला मुंबईत, टाटांच्या संघाकडून. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल याचे! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. पहिल्या फेरीत हंगेरीनं माघार घेतल्यानं भारत न खेळताच पुढे गेला होता, हे खरं. पण ऑस्ट्रेलियानं काही गोल फुकट दिले नव्हते. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियावर पहिला गोल चढवला तोही नेव्हिलनंच. मग त्यांनी चार फेडले. भारत चौथा आला. १९८०मध्ये नेव्हिल गेला, पन्नाशीही न गाठता.