ब्रेक नवे, दिवा जुना

जुन्या मोटारी जिवापाड जपणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. मॉरिस मायनरचंच घ्या. 1948 ते 1971 या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली ही गोलमटोल गाडी आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्तान’ या नावानंही धावली. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्या काळच्या रहदारीला ते पुरत होते. आजच्या महामार्गावर पुरत नाहीत, म्हणून हौशी मंडळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावतात आणि पायाचा जोर वाढवून देणारा सर्वोही बसवतात. गाडी पटकन थांबू लागते. मालक खूश होतो. पण ही बातमी सगळ्यात आधी कळायला हवी मागून येणाऱ्याला, आणि ती त्याच्यापर्यंत पोचवणारा असतो फक्त मागचा लाल दिवा.

हा दिवा लागतो कसा? मायनरमध्ये ब्रेक ऑइलच्या नळीवरच एक छोटा स्विच असतो. पॅडल दाबलं की ऑइलचा दाब वाढतो, स्विचच्या आतला पडदा सरकतो, दोन टोकं जुळतात आणि दिवा पेटतो. म्हणजे दिवा पायाला नव्हे, दाबाला ओळखतो. गोम इथंच आहे. सर्वो आल्यावर पाय हलकाच ठेवला तरी गाडी थांबते. जुना स्विच सर्वोच्या अलीकडे राहिला असेल तर त्याला तेवढाच हलका दाब मिळतो. गाडीचा वेग तर कमी होतोय, पण दिवा उशिरा लागतो, कधी लागतच नाही. ताशी 60 किलोमीटर वेगात अर्ध्या सेकंदाला गाडी आठ मीटर पुढं जाते. मागच्याच्या हातून तेवढं अंतर गेलेलं असतं, तेही ब्रेक चांगले केल्यामुळे!

यावर उपाय म्हणजे पॅडलजवळ बसवायचा साधा दांडीचा स्विच. पॅडल जागेवर असताना त्याची दांडी दाबलेली असते आणि वीज बंद असते. पॅडल हललं की दांडी सुटते आणि दिवा लागतो. दुकानात नेमकं हेच सांगून घ्यावा. उलट प्रकारचा मिळाला तर दिवा दिवसभर पेटत राहील आणि ब्रेक दाबला की विझेल! मायनरचं पॅडल खाली फरशीच्या पत्र्यातून येतं. त्यामुळे स्विचसाठी पट्टी मजबूत हवी आणि पाणी-चिखल लागणार नाही अशी जागा हवी. दांडी इतकीही पुढं आणू नये की पॅडल पुरतं मागं येणार नाही. तसं झालं तर ऑइल परत फिरत नाही, ब्रेक घासत राहतात आणि तापतात.

जुन्या स्विचच्या दोन्ही वायरी नव्या जागेपर्यंत वाढवायच्या. हिरवीतून फ्यूजमार्गे वीज येते, हिरवी-जांभळी दिव्याकडे जाते. पत्र्यातून जिथं वायर जाते तिथं रबरी बूच हवंच, नाहीतर कड वायर कापते. 21 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टला साडेतीन अँपिअर. स्विच नाजूक असेल तर मधे रिले घालावा.

आता मेस्त्री ज्याला ‘अर्थ’ म्हणतात तो. कवितेतला अर्थ वाचकाला उशिरा सापडला तरी चालतं, इथला पक्का हवा. दिव्याच्या घराला गंज चढला की विजेला परतीची वाट मिळत नाही. मग ती शेजारच्या बल्बमधून वाट काढते आणि ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणतो. अशा वेळी लोक स्विच बदलत बसतात. आधी पत्रा घासून स्वच्छ करावा. एलईडी बल्ब घालणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : मायनरमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. एलईडी त्या पद्धतीला चालणारा आहे ना, हे विचारूनच घ्यावा.

काम झाल्यावर एकानं मागं उभं राहावं आणि दुसऱ्यानं पॅडल अगदी हळू दाबावं. ब्रेक पकडण्याच्या आधी दिवा लागला पाहिजे आणि पाय काढताच विझला पाहिजे. मग हीच तपासणी इंजिन चालू ठेवून करावी, कारण सर्वो काम करतो तो तेव्हाच.