नक्षी आपली, माग भाड्याचा

जेकार्ड मागावरील सोलापुरी चादरीची नक्षी मागात नसते. ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. माळ एकदा बांधली, की तशाच दुसऱ्या मागावरही तीच नक्षी उतरते.

संगणकाच्या ‘इमेज’चे मर्म हेच. दूरच्या केंद्रातील विंडोज संगणक तासावर भाड्याने घ्यावयाचा, त्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, खेळ व चित्र पाठविणारा प्रोग्रॅम एकदाच बसवावयाचा आणि त्या सिद्ध स्थितीचा ठसा जपावयाचा. पुढे त्या ठशावरून संगणक काही मिनिटांत उभा राहतो. खेळ तिकडे चालतो, चित्र इकडे दिसते. महागडा संगणक घरी नसला तरी अडत नाही.

अंतराचे काय? ॲमेझॉनचे केंद्र 2016 साली मुंबईत आले. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. सोलापूर–मुंबई जाण्यायेण्यास त्याला चार-पाच सहस्रांश सेकंद पुरतात. सेकंदाला 60 चित्रे धरली, तर एका चित्राच्या वाट्याला 17 येतात.

दोन पथ्ये मात्र आम्ही आवर्जून सांगू. ठसा घेण्यापूर्वी परवलीचे शब्द पुसावेत. नाहीतर चुकीच्या भोकाप्रमाणे ते प्रत्येक प्रतीत उतरतील. आणि खेळ संपताच संगणक बंद करावा. भाडे खेळाचे नसते, घड्याळाचे असते.