सुट्या भागांचे दशक

2025 च्या डिसेंबरच्या 3 तारखेस मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने असे जाहीर केले की, ‘क्रूशल’ या नावाने सर्वसामान्य ग्राहकास रॅम आणि एसएसडी विकण्याचा आपला 1996 पासून चालत आलेला व्यवहार ती 2026 च्या फेब्रुवारीअखेर गुंडाळणार आहे. कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभ्या राहत असलेल्या डेटा सेंटरांची मागणी पुरवायची, तर किरकोळ गिऱ्हाइकासाठी माल उरत नाही. आस्था उरत नाही, असे मात्र तिने म्हटले नाही. ते आपण समजून घ्यावयाचे. रॅमचे भाव त्यापूर्वी काही आठवड्यांतच दुपटीच्या पलीकडे गेले होते, आणि ज्यांनी जन्मात कधी संगणकाचे झाकण उघडले नाही, त्यांना ही वार्ता वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच ठेवून पुढे जाता आले असेल. परंतु पेचकस आणि मल्टिमीटर एवढ्या सामग्रीवर ज्यांनी उमेदीची वर्षे आनंदात घालविली, त्या माझ्यासारख्या इसमांच्या दृष्टीने हे हद्दपारीचे रीतसर फर्मान होय.

1998 च्या आधीच्या काळाविषयी मला फारशी ममता नाही. साउंड कार्डास पाचवा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याचा क्रमांक, द्यावा, तर तोच नेटवर्क कार्डाने आधी बळकावलेला असावा, मग चिमट्याने जंपर हलवीत रात्र काढावी, या प्रकारात काही रोमांच होता असे सांगणाऱ्या मंडळींचा मला नेहमीच संशय येत आला आहे. 2009 नंतरच्या वर्षांविषयीही सांगण्यासारखे थोडेच; त्या वर्षांत यंत्रे उत्तम चालू लागली, आणि उत्तम चालणाऱ्या यंत्राशी मनुष्याचा परिचय होत नाही. पुढे काचेच्या भिंतींचे कॅबिनेट आले, आत इंद्रधनुष्यी दिवे आले, आणि दिव्यांचा रंग बदलणे यालाच तरुण मंडळी ‘अपग्रेड’ म्हणू लागली. त्या विषयावर मी अधिक लिहीत नाही.

माझे दशक या दोहोंच्या मधले, 1998 ते 2008 हे. मी तेव्हा गिरगावात राहत असे, आणि लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर होता. सरकारी दप्तरी त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ज्या रस्त्यावरच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षे चालला, त्याला नव्या नावाने हाक मारणारा मला तरी कोणी भेटला नाही. पूर्वीपासून तेथे रेडिओचे सुटे भाग मिळत. संगणक आला तेव्हा त्याच अरुंद गाळ्यांनी त्याला आपल्यात सामावून घेतले. कच्चे बिल की पक्के, हा पहिला प्रश्न. ‘टेस्टिंग वॉरंटी’, म्हणजे दुकानात लावून चालले की पुढचे तुमचे नशीब, ही पहिली अट. आणि समोरच्या फळीवर, एखाद्या उघड्या बोर्डावर तुम्ही आणलेला भाग बसवून त्याची परीक्षा घेऊन देणारा पोरगा हा तेथला खरा पंडित. पुनर्शिक्के मारलेले प्रोसेसर तेथे विकले जात, हेही खरे; परंतु फसवणूक ओळखण्याची विद्याही त्याच फुटपाथवर मिळे, आणि तिला फी नसे. 1997 मध्ये भारताने माहिती-तंत्रज्ञानविषयक जागतिक करारावर सही केल्यावर आयातकर टप्प्याटप्प्याने उतरत 2005 पर्यंत शून्यावर आला. वर्षातून एकदा एक भाग बदलणे मध्यम पगाराच्या कारकुनास परवडू लागले, ते या उतारामुळे.

त्या काळाचा आरंभ माझ्यापुरता सेलेरॉन 300ए या प्रोसेसरपासून होतो. इंटेलने तो 1998 च्या ऑगस्टमध्ये स्वस्तातल्या गिऱ्हाइकासाठी काढला. परंतु त्याची 128 किलोबाइटची कॅश प्रोसेसरच्याच पूर्ण गतीने चाले, तर महागड्या पेंटियम टूची 512 किलोबाइटची कॅश अर्ध्या गतीने. त्याचा गुणक साडेचारावर कुलूपबंद होता खरा, पण 440बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बसची गती 66 ऐवजी 100 मेगाहर्ट्झ ठेवली, की 300 चा प्रोसेसर 450 वर चालू लागे, आणि बहुधा कुरकुर न करता चाले. ज्यांच्या बोर्डावर ही सोय नसे, ते प्रोसेसरच्या कडेवरील बी-21 क्रमांकाच्या संपर्कावर चिकटपट्टीचा नाजूक तुकडा लावीत. पुढे एएमडीच्या ड्युरॉनवर पेन्सिलीच्या शिशाने एल-1 नावाचे तुटके पूल जोडून गुणकच मोकळा करता येऊ लागला. पैसा वाचला एवढाच हा आनंद नव्हता. कारखान्याने जी सीमा छापली आहे ती पदार्थाची नसून पुष्कळदा दरपत्रकाची असते, हे ज्ञान मला कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी या शिशाने दिले.

26 एप्रिल 1999 या दिवशी तैवानच्या चेन इंग-हाउ नामक विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच विषाणू जागा झाला, आणि हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून न थांबता कित्येक बोर्डांवरील, यंत्र सुरू करणारा बायॉसही त्याने नासविला. पडदा काळा, पंखा फिरतो आहे, बीप नाही. अशा यंत्रांना अनेक ठिकाणी मृत ठरवून नवे बोर्ड माथी मारण्यात आले, हा अन्याय मी अजून विसरलो नाही; कारण उपाय होता. त्याच जातीचा दुसरा संगणक सुरू करावा. सुरू होताना बायॉस रॅममध्ये उतरतो, म्हणून चालू यंत्रातूनच बायॉसची चिप अलगद उचकटावी, तिच्या जागी नासलेली चिप दाबावी, आणि फ्लॉपीवरून तिच्यात नवा बायॉस लिहावा. हात थरथरला तर दोन्ही यंत्रे गेलीच. परंतु चिप खाचेत बसविलेली होती, म्हणून हे शक्य होते. ‘खाचेत’ हा शब्द वाचकाने ध्यानात ठेवावा. माझी सारी तक्रार त्यात आहे.

दोष शोधण्याची रीत म्हणजे वजाबाकी. बोर्ड कॅबिनेटातून काढून पुठ्ठ्यावर ठेवावे, कारण खालचा एखादा पितळी खुंट चुकीच्या जागी लागून शॉर्ट होत असतो. मग प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि वीज पुरविणारा एसएमपीएस एवढेच ठेवून, पॉवरच्या दोन पिनांना पेचकसाचे टोक टेकवून कान द्यावा. रॅमच्या सोनेरी कडा पावसाळ्यात मळतात, त्या खोडरबराने पुसाव्यात. मुंबईतल्या मृत घोषित झालेल्या संगणकांपैकी कित्येक एवढ्यानेच उठून बसत. नंतर एकेक भाग परत जोडीत जावे. ज्या भागाच्या आगमनाबरोबर शांतता भंगते, तो गुन्हेगार. माझ्या डोंबिवलीच्या एका स्नेह्याचा संगणक रोज दिवेलागणीनंतर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि दुकानाचा तंत्रज्ञ दर खेपेस डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून फीची पावती फाडी. मी सकाळी गेलो असतो तर मलाही काही दिसले नसते. संध्याकाळी गेलो, मल्टिमीटर लावला, आणि वस्तीतले सारे पंखे-दिवे लागताच भिंतीतला दाब घसरून, बारा व्होल्टच्या पिवळ्या तारेवर 11.4 हा जो खालचा कायदेशीर काठ, त्याच्याही खाली काटा जातो आहे हे उघड झाले. ‘450 वॅट’ असा छाप मिरविणारा तो एसएमपीएस हातात घेतला, तर रिकाम्या डब्यासारखा हलका. आत गाळणीची वेटोळीच बसविलेली नव्हती. तेव्हापासून एसएमपीएस विकत घेताना मी छाप वाचीत नाही, वजन पाहतो.

परंतु ज्यांच्याशी माझा खरा हिशेब बाकी आहे ते हे गल्लीतले तंत्रज्ञ नव्हेत. गळ्यात ओळखपत्र अडकवून येणारे अधिकृत सेवाकेंद्राचे प्रतिनिधी आणि त्यांच्या भरवशावर ‘असेंबल केलेल्या’ संगणकाला नाके मुरडणारे माझे कचेरीतील सहकारी, हे ते लोक. शतकाच्या आरंभी तैवानी कॅपॅसिटरांत सदोष विद्युत्‌द्रव भरला गेला, आणि पुढील पाच-सात वर्षे जगभरातील बोर्डांवर प्रोसेसरभोवतीच्या त्या बारक्या नळकांड्यांची डोकी फुगून, फुटून तपकिरी रस गळू लागला. या रोगाने नाममुद्रेचा भेद केला नाही. एका बड्या अमेरिकन कंपनीला 2005 मध्ये त्यापायी 30 कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली. आमच्या कचेरीत अशी यंत्रे एकामागून एक बसली, तेव्हा प्रतिनिधीने कॅबिनेट उघडून क्षणभर आत पाहिले व “बोर्ड गया, साहेब, नया लेना पडेगा” असा निकाल दिला. फुगलेली डोकी त्याच्या नाकासमोर होती. मी त्यांतले एक भंगारातले बोर्ड मागून घरी आणले, लॅमिंग्टन रोडवरून 105 अंशांचे, कमी अंतर्गत रोधाचे कॅपॅसिटर निवडून घेतले (रेडिओत चालतात ते साधे येथे चालत नाहीत), आणि डिंकासारखा चिकटलेला रस स्पिरिटने पुसून ते डाखले. ते बोर्ड पुढे कित्येक वर्षे चालले. वरिष्ठांना मी हे सप्रमाण कळविले, तर वार्षिक देखभालीच्या करारात अशा दुरुस्तीची तरतूद नाही, असा लेखी जबाब आला.

रॅम्बसचे प्रकरणही येथे नोंदविणे भाग आहे. पेंटियम फोरच्या आरंभी इंटेलने त्या कंपनीची महागडी रॅम ग्राहकांवर लादली. तिच्या बोर्डावर एखादी खाच रिकामी ठेवण्याचीही मुभा नसे, तेथे काहीही न करणारी एक मुकी पट्टी बसवावी लागे. न केलेल्या खरेदीचेही दाम मोजावे लागल्याचे हे उदाहरण मला दुसरीकडे आढळलेले नाही. तिची प्रतिस्पर्धी डीडीआर रॅम स्वस्त होती, पुरेशी वेगवान होती, आणि दोन-तीन वर्षांत बाजाराने रॅम्बसला बरखास्त केले. त्या वेळी गिऱ्हाइकाला नकार देता येत असे, आणि त्या नकाराला किंमत होती.

आज नकार कशाला द्यावयाचा? माझ्या भाचीच्या लॅपटॉपात रॅम बोर्डावरच डाखलेली आहे; तीतली एक चिप बिघडली, तर सेवाकेंद्राने संपूर्ण बोर्ड बदलण्याचा जो खर्च सांगितला, त्यात आणखी थोडी भर घालून नवा लॅपटॉप आला असता. वजाबाकी करावयाला तेथे काही सुटे उरलेलेच नाही. एएमडीने एएम-4 हा एकच सॉकेट 2016 पासून कित्येक पिढ्या निभावून नेला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण तो अपवाद टेबलावरील यंत्रापुरता, आणि टेबलावरील यंत्र घेतो कोण? विंडोज 10 च्या नेहमीच्या मोफत आधाराची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि विंडोज 11 ने टीपीएम 2.0 या सुरक्षा-सोयीची तसेच नव्या पिढीच्या प्रोसेसरची अट घातल्याने, ज्यांच्यात एकही भाग नादुरुस्त नाही अशी असंख्य यंत्रे हुकमानेच निवृत्त झाली. माझे त्यांत आहे; त्यावर मी लिनक्स चालवितो, आणि ते माझ्याहून निरोगी आहे.

ग्राहक मंत्रालयाने 2022 च्या डिसेंबरात ‘दुरुस्तीच्या हक्का’चे एक पोर्टल काढले. तेथे उत्पादकांच्या अधिकृत सेवाकेंद्रांची माहिती मिळते, म्हणजे ज्यांच्यापासून सुटका हवी त्यांचाच पत्ता. 1981 मध्ये आयबीएमने आपल्या पहिल्या पीसीबरोबर जो तांत्रिक संदर्भग्रंथ विक्रीस ठेवला, त्यात बोर्डाचे संपूर्ण विद्युत्‌नकाशे आणि बायॉसचा ओळ-न्-ओळ मजकूर छापलेला होता, आणि ती कंपनी त्यामुळे बुडाली नाही. सरकारला हक्कच द्यावयाचा असेल, तर बोर्डाचा नकाशा ग्राहकाला देणे उत्पादकावर बंधनकारक करावे, आणि रॅम व डिस्क खाचेतच बसविली पाहिजे, अशी अट आयातीच्या परवान्यात घालावी. लॅपटॉपच्या आयातीला परवाना लावण्याची कल्पना याच सरकारला 2023 च्या ऑगस्टमध्ये सुचली होती. तेव्हा परवान्याचा फॉर्म तरी तयार असावा.