समुद्रावरचा दोघांचा संसार

लाटीपाड्याच्या धरणातून सुटलेले पाणी पांझरेतून पिंपळनेरवरून जाते, पुढे धुळे शहर ओलांडते, मुडावदला तापीला मिळते आणि तापीबरोबर सुरतेच्या खाली समुद्रात शिरते. पाण्याला ही वाट पाठ आहे. आपल्याला मात्र समुद्र म्हटला की मुंबईची चौपाटी, भेळ आणि गुडघ्यापर्यंत भिजलेली धोतरे-लुगडी एवढेच आठवते.

त्या समुद्रावर, किनाऱ्यापासून महिना महिना लांब, नवराबायको दोघेच शिडाच्या लहानशा बोटीत संसार करतात, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? बसावा म्हणून आधी आपल्याच भाषेतले नाव सांगतो. वैदेही चिटणवीस. त्यांचे यजमान कॅप्टन गौरव गौतम नौदलात अधिकारी होते. २०२२ मध्ये ह्या दोघांनी घरातले सामानसुमान काढून टाकले आणि मुलीला घेऊन ‘रीवा’ नावाच्या ४२ फुटी शिडाच्या बोटीवर राहायला गेले. नौदलातल्या माणसाला समुद्र घरचाच; पण वैदेहीताई प्रसारमाध्यमांत नोकरी केलेल्या. मुलीचा अभ्यासही बोटीवरच. नातेवाईक काय म्हणाले असतील ते तुम्ही ताडू शकता. आपल्याकडे मुलगा गावातून उठून मळ्यात राहायला गेला तरी भाऊबंद विचारतात, गावात काय खुपत होते?

४२ फूट म्हणजे त्या मानाने वाडाच. कॅनडाचे लॅरी पार्डी आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी लिन, ह्यांची पहिली बोट ‘सेराफिन’ २४ फूट ४ इंच लांब होती. बैल सोडलेल्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या करा, जवळपास तेवढी. त्यातच निजायचे, त्यातच रांधायचे, त्यातच शिडे आणि दोरखंड ठेवायचे. ही बोट लॅरींनी स्वतः बांधली आणि १९६८ मध्ये पाण्यात लोटली. तिला इंजिन नव्हते. वारा पडला की लांब वल्हे मारायचे, नाही तर गप्प बसून वाऱ्याची वाट पाहायची. दिवा रॉकेलचा. लिनबाईंची उंची पाच फुटांना दोन इंच कमी. ह्या बोटीतून त्यांनी अकरा वर्षे पृथ्वीची फेरी केली. मग १९८३ मध्ये ‘टॅलेसिन’ नावाची थोडी मोठी बोट बांधून पाण्यात लोटली आणि तिच्यातून पॅसिफिकच्या बेटांकडे निघाले. इंजिन तिलाही नव्हते. ह्याला हट्ट म्हणावे की हिशेब, हे तुम्ही ठरवा. नसलेले इंजिन बिघडत नाही आणि डिझेलही पीत नाही, एवढे खरे.

आता पाण्याचा हिशेब करू, कारण बोटीवरचा सगळा संसार त्यावर उभा असतो. दक्षिण अमेरिकेच्या बाजूची गालापागोस बेटे सोडली की मार्केसास बेटे लागेपर्यंत सुमारे ३००० सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर, मध्ये काहीही नाही. लहान शिडाची बोट ताशी नऊ किलोमीटरने जाते. सायकलवर दूध घालायला जाणारा माणूस त्याहून जोरात जातो. रात्रंदिवस न थांबता चालली तरी २५ दिवस. वारा रुसला तर महिन्याच्या वर. माणशी रोज चार लिटर पाणी धरले तर दोघांचे महिन्याचे २४० लिटर झाले. शेतावरचा आपला दोनशे लिटरचा पिंप आणि वर दोन हंडे. पिणे, स्वयंपाक, तोंड धुणे, सगळे त्यातच.

मग आंघोळ समुद्राच्या पाण्याने करायची आणि शेवटी तांब्याभर गोडे पाणी अंगावरून घ्यायचे. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची. बटाटे उकडताना थोडे समुद्राचे पाणी मिसळले की मीठही वाचते. पावसाची सर आली की ताडपत्रीला खळगा करून खाली बादल्या लावायच्या. पहिले पाणी शिडावरचे मीठ धुऊन येते, ते सोडून द्यायचे आणि नंतरचे भरायचे. हल्ली खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्रही बोटीवर बसवतात. पण यंत्र नेमके केव्हा बंद पडते, हे तुम्हाला विहिरीवरच्या मोटारीने शिकवलेलेच आहे. वैशाखात टँकरची वाट पाहिलेल्या बाईला ह्यातले काही नवीन वाटणार नाही.

अन्नाचेही तसेच. आपल्या घरी उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, शेवया, पापड करून डबे भरतात, ते पुढच्या दिवसांची सोय म्हणून. बोटीवरची बाई निघण्यापूर्वी हेच करते. डाळी, तांदूळ, पीठ घट्ट झाकणाच्या डब्यांत. कांदे-बटाटे जाळीच्या झोळीत टांगून, वारा लागेल असे, आणि दर दोन दिवसांनी हात घालून नासका काढून टाकायचा. कांदाचाळीचेच शास्त्र आहे हे. अंडी न धुतलेली घ्यायची आणि अधूनमधून उलटी करून ठेवायची, म्हणजे फ्रीजशिवाय कित्येक आठवडे टिकतात. प्रेशर कुकर तर ह्या बायकांचा उजवा हात, कारण इंधन वाचते आणि बोट कलली तरी आतले बाहेर सांडत नाही. लिनबाईंनी ह्या स्वयंपाकावर १९८० मध्ये एक जाडजूड पुस्तकच लिहिले.

इतके करून गाठायचे काय, तर बेट. पण बेट दिसले म्हणजे पोचलो असे नाही. पाण्याखाली पोवळ्याचे खडक असतात, करवतीच्या दातांसारखे. म्हणून सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच आत शिरायचे. एकजण बोटीच्या टोकावर उभा राहून पाण्याचा रंग वाचतो: गडद निळे म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ, तांबूस-तपकिरी म्हणजे खडक. दुसरा सुकाणूवर. वाऱ्यात बोलणे ऐकू येत नाही, सगळे हाताच्या खुणांनी. बैलजोडी पांभरीला धरताना नवराबायको जसे न बोलता काम करतात, तसे.

फिजीच्या लांबच्या बेटांवर नांगर टाकला की आधी गावच्या प्रमुखाला भेटायचे. जाताना यांगोना नावाच्या झाडाच्या मुळ्यांची जुडी न्यायची, ती त्याच्यापुढे ठेवून परवानगी मागायची. ह्या रीतीला ते लोक सेवुसेवू म्हणतात. तिथली खाडी आणि तिच्यातले मासे गावाचे. परवानगीवाचून कोणी तिथे राहत नाही. गावात शिरताना बाईने खांदे आणि गुडघे झाकायचे, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायची. आपल्याकडे पाहुण्यांपुढे टोपी घालून जातात, तिकडे काढून! याच फिजीत १८७९ ते १९१६ ह्या काळात आपल्या देशातून हजारो मजूर उसाच्या मळ्यांवर नेले होते. त्यांची नातवंडे-पणतवंडे तिथे अजून ऊस लावतात.

शेतकऱ्याने पाहावे असे त्याहून नवल तुवालूच्या बेटांवर आहे. ही बेटे म्हणजे पोवळ्याच्या चुऱ्याचे अरुंद पट्टे, समुद्रापासून चार-दोन मीटर उंच. माती नावाला नाही. पण पावसाचे पाणी त्या चुऱ्यात मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलके म्हणून तरंगत राहते. तिथले लोक त्या गोड्या पाण्यापर्यंत खड्डा खणतात, त्यात पालापाचोळा टाकून कुजवतात आणि अळूच्या जातीचे एक मोठ्या कंदाचे पीक घेतात. त्याला पुलाका म्हणतात. बापाचा खड्डा लेकाकडे येतो. मात्र विहिरीतून हाव धरून उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि हल्ली समुद्राचे पाणी शिरून कित्येक खड्डे खारावले आहेत. बोटवाल्यांनी अशा ठिकाणी पाणी मागताना मन घट्ट करावे लागते. समजूतदार माणसे मागतच नाहीत.

ह्या भटकंतीला पंचांगही आहे. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस. त्याआधी बेटे सोडून न्यूझीलंडसारख्या ठिकाणी जायचे, बोट काठावर ओढून तिच्या तळाचे शेवाळ-शिंपले खरवडायचे, रंग द्यायचा. पैसे त्याच दिवसांत मिळवायचे. लॅरी दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त करीत, लिनबाई लेख आणि पुस्तके लिहीत. चित्रातल्यासारखे नारळाच्या झाडाखाली पडून राहण्याचे दिवस येतात, पण बहुतेक दिवस फाटलेले शीड शिवण्यात आणि गळणारी फट बुजवण्यात जातात. भांडण झाले तर माहेरी जाण्याची सोय नाही. पुष्कळ जोडपी वर्षा-दोन वर्षांत बोट विकून घरी परततात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता रात्रीचे सांगतो. पांझरेच्या फडांवर पाणी पाळीने मिळत आले. मध्यरात्री पाळी आली की कंदील घेऊन बांधावर जायचे. हल्ली विजेची पाळी असते, एवढाच फरक. बोटीवरही रात्र पाळीने काढतात. तीन तास एकाने जागायचे, तीन तास दुसऱ्याने, रोज, महिनाभर. वाऱ्यावर चालणारे एक पाते सुकाणू सांभाळते, पण डोळे माणसालाच उघडे ठेवावे लागतात. क्षितिजावर दिसलेले मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकते, आणि त्यावरच्या लोकांना ही होडी दिसेलच असे नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी चहूकडे पाहायचे. अंगाला पट्टा आणि पट्ट्याची दोरी बोटीला बांधलेली. ती सोडायची नाही, लघवीला उठले तरी नाही.

कारण समजा, एकजण पाण्यात पडला. ताशी नऊ किलोमीटर चाललेली बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे गेलेली असते. लाटांमध्ये माणसाचे डोके नारळाएवढे दिसते, तेही क्षणभर. अशा वेळी वर राहिलेल्या एकट्याला शिडे सोडून बोट वळवता आली पाहिजे, वाऱ्याचा अंदाज घेऊन नेमकी त्या डोक्यापाशी आणता आली पाहिजे, आणि ओले अंग दोरीने वर ओढता आले पाहिजे. बहुतेक जोडप्यांत नवरा शिडे पाहतो आणि बायको चूल. वारा चांगला आहे तोवर ते चालते. म्हणून जाणती जोडपी उजेडाच्या वेळी, शांत पाण्यात, एखादा रिकामा डबा मुद्दाम पाण्यात टाकून बायकोला एकटीने तो परत आणायला लावतात. तीनदा, चारदा, जमेपर्यंत. आपल्या घरी मोटारीचा स्टार्टर, बँकेचे पासबुक आणि सातबाऱ्याचा गट नंबर घरधनिणीला ठाऊक आहे का, हे एकदा विचारून पाहा.

नवऱ्याने बायकोचे काम शिकायचे तेही तितकेच. चार दिवस समुद्र लागून तिला डोके वर करता आले नाही तर कुकर त्यानेच लावायचा असतो.

लॅरी पार्डी २०२० मध्ये वारले. शेवटची काही वर्षे ते आजारीच होते, बोट चालवणे त्यांना शक्य नव्हते. लिनबाईंनी समुद्रावर जाणे सोडले नाही.