‘बेटर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ व उपयोग
(प्राथमिक शाळांतील इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली सुरू झाला. तेव्हापासून खेड्यातील मुलाच्या कानावरही ‘गुड’, ‘बेटर’, ‘बेस्ट’ ही शब्दत्रयी फार लवकर पडते. मुले ती तालावर पाठ म्हणतात. परंतु पाठ म्हणणे निराळे आणि अर्थ कळणे निराळे. ‘बेटर म्हणजे काय?’ असे विचारल्यास बहुतेक मुले ‘अधिक चांगले’ असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आणि अपुऱ्या उत्तरामुळे पुढे वाक्यरचनेत व व्यवहारातही घोटाळे होतात. म्हणून या एका शब्दाचा थोडा सविस्तर विचार येथे केला आहे.

१. दोन भाषांतील तुलनेची रीत

मराठीत तुलना करताना विशेषणाचे रूप बदलत नाही. ‘ही विहीर चांगली आहे’ आणि ‘त्या विहिरीपेक्षा ही विहीर चांगली आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘चांगली’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. तुलनेचे सारे काम ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ करतो, आणि तो जिच्याशी तुलना करावयाची त्या वस्तूला जोडला जातो. आपल्या जिल्ह्यात कानावर पडणाऱ्या इतर भाषांचीही हीच रीत आहे. उमरगा तालुक्याच्या सीमेवर बोलली जाणारी कन्नड घ्या. तीत ‘अदक्किंत इदु ओळ्ळेयदु’ म्हणजे ‘त्यापेक्षा हे चांगले’. येथेही ‘ओळ्ळेयदु’ हे रूप तुलनेसाठी बदललेले नाही. उर्दूतील ‘उससे यह अच्छा है’ या वाक्यातही ‘अच्छा’ तसाच आहे.

इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी खूण करावी लागते. ‘दॅन’ हा शब्द ‘पेक्षा’चे काम करतो, आणि शिवाय विशेषणही रूप पालटते. ‘धिस वेल इज बेटर दॅन दॅट वेल’ या वाक्यात ‘गुड’चे ‘बेटर’ झाले आहे. आपला विद्यार्थी ‘धिस वेल इज गुड दॅन दॅट वेल’ असे म्हणतो, ते आळसाने नव्हे. तो मातृभाषेची रीत प्रामाणिकपणे पाळत असतो. हे शिक्षकाच्या ध्यानात असले, तर तो मुलाला रागावणार नाही. दोन भाषांतील फरक फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवील.

२. ‘गुड’चे ‘बेटर’ कसे झाले?

‘टॉल’चे ‘टॉलर’ होते, मग ‘गुड’चे ‘गुडर’ का होत नाही, अशी शंका हुशार मुलाच्या मनात येते. तिचे उत्तर असे की, ‘बेटर’ हे रूप ‘गुड’पासून बनलेलेच नाही. ते एका वेगळ्या जुन्या धातूतून आले असून ‘गुड’च्या शेजारी येऊन बसले आहे.

हा प्रकार मराठीस परका नाही. ‘जातो’ याचा भूतकाळ ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतो. ‘जा’ हा संस्कृत ‘या’ धातूपासून आला आणि ‘गेला’ हा ‘गत’ या शब्दापासून आला. दोन वेगळ्या मुळांची रूपे एकाच क्रियापदाच्या घरात नांदतात. संस्कृतातही ‘प्रशस्य’ या शब्दाची पुढची रूपे ‘श्रेयस्’ आणि ‘श्रेष्ठ’ अशी होतात, आणि पाणिनीने त्यांची स्वतंत्र नोंद केलेली आहे. मुलांना ‘जातो–गेला’ हे उदाहरण दिले की ‘गुड–बेटर’ त्यांना चमत्कारिक वाटत नाही.

३. ‘बेहतर’ आणि ‘बेटर’

हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कामकाज उर्दूत चाले, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू होते. त्यामुळे ‘बेहतर’ हा शब्द येथील लोकांच्या परिचयाचा आहे. मराठीतही तो ‘बेहत्तर’ या रूपाने रुळला आहे. ‘प्राण गेला तरी बेहत्तर, पण शब्द मोडणार नाही’ असे आपण म्हणतो.

‘बेहतर’ आणि ‘बेटर’ यांचा अर्थ एक आणि उच्चारही जवळचा. त्यामुळे दोन्ही शब्द एकच असावेत असे कोणासही वाटेल. तसे नाही. ‘बेहतर’ हा फारसी शब्द असून त्याची फोड ‘बेह’ अधिक ‘तर’ अशी आहे. हा ‘तर’ म्हणजे ‘उच्चतर’, ‘लघुतर’ यांतील संस्कृत ‘तर’ प्रत्ययाचा सख्खा भाऊ होय. ‘बेटर’मधील शेवटचा अंश वेगळा आहे. त्याचे नाते संस्कृतातील ‘कनीयस्’, ‘गरीयस्’ या शब्दांतील ‘ईयस्’ प्रत्ययाशी आहे. जर्मानिक भाषांत जुन्या सकाराचा पुढे रकार झाला, म्हणून ते नाते कानाला ओळखू येत नाही. सारांश, या दोन शब्दांचे साम्य हा योगायोग आहे. अर्थ लक्षात ठेवण्यासाठी मुलांना ‘बेहतर’ची आठवण जरूर द्यावी, मात्र एक शब्द दुसऱ्यापासून निघाला असे सांगू नये.

४. ‘बेटर’ म्हणजे ‘चांगला’ नव्हे

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण आपण सारे वापरतो. म्हणून वीट मऊ असते असे कोणी म्हणणार नाही. ती केवळ दगडाच्या मानाने मऊ. ‘बेटर’ची गोष्ट तशीच आहे. एखादी वस्तू दुसरीपेक्षा ‘बेटर’ आहे याचा अर्थ ती चांगली आहेच असा होत नाही. दोन्ही वस्तू वाईट असू शकतात, आणि तरीही एक दुसरीपेक्षा ‘बेटर’ असू शकते.

याचा व्यवहारात केवढा परिणाम होतो ते पाहा. समजा, क्षयरोगाच्या रुग्णाच्या कागदावर महिनाभराने ‘बेटर’ असा शेरा आला. घरातील शिकलेला मुलगा तो वाचून ‘बाबा बरे झाले’ असे सांगतो. मराठीत ‘बरा झाला’ म्हणजे रोग गेला. वास्तविक शेऱ्याचा अर्थ ‘पूर्वीपेक्षा प्रकृतीस उतार आहे’ एवढाच होता. क्षयरोगाचा औषधोपचार साधारणपणे सहा महिने घ्यावा लागतो. पहिल्या काही आठवड्यांतच रुग्णाला हुशारी वाटू लागते, आणि तेव्हा औषध सोडले तर रोग उलटतो व पुढे त्याच औषधांना दाद देईनासा होतो. एका शब्दाचा अर्थ एका अंशाने चुकला तर घरावर कोणता प्रसंग येऊ शकतो, हे यावरून ध्यानात येईल. इंग्रजीत ‘बेटर’ हा शब्द पूर्ण बरे झाल्याच्या अर्थानेही बोलण्यात येतो, हे खरे. म्हणूनच तो ऐकल्यावर ‘पूर्ण बरे, की पूर्वीपेक्षा बरे?’ असे विचारून घेण्याची सवय मुलांना लावावी.

५. तीन प्रश्न

‘बेटर’ असलेले कोणतेही वाक्य आले की मुलांनी तीन प्रश्न विचारावेत: कोण? कोणापेक्षा? कशात? या तिहींपैकी एकाचे जरी उत्तर मिळाले नाही, तरी वाक्याचा अर्थ अपुरा राहतो.

तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष दुर्लक्ष होते. ‘उस्मानाबादी शेळी जमनापारी शेळीपेक्षा बेटर आहे’ हे वाक्य खरे की खोटे? उस्मानाबादी शेळी काटक असते, येथील कोरड्या हवामानात टिकते आणि तिला जुळी करडे बऱ्याच वेळा होतात. मांसासाठी ती नावाजलेली आहे. जमनापारी शेळी दुधाला अधिक. तेव्हा ‘कशात?’ हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ज्वारीचेही तसेच. संकरित ज्वारीचा उतारा अधिक पडतो. पण भाकरीची चव आणि कडबा यांसाठी शेतकरी मालदांडीलाच मान देतो. अशी घरची उदाहरणे घेतली की मुले आपण होऊन बोलू लागतात, आणि व्याकरणाचा तास विचाराचाही तास होतो.

६. उपयोगाचे प्रकार

(अ) विशेषण म्हणून: ‘धिस पेन इज बेटर दॅन दॅट पेन.’ ही लेखणी त्या लेखणीपेक्षा चांगली आहे.

(आ) क्रियाविशेषण म्हणून: ‘शी रीड्स बेटर नाऊ.’ ती आता पूर्वीपेक्षा चांगले वाचते. येथे ‘बेटर’ हे ‘गुड’चे नव्हे, तर ‘वेल’चे रूप आहे.

(इ) दोहोंपैकी एक निवडताना: वस्तू दोनच असतील तर ‘बेटर’, दोहोंहून अधिक असतील तर ‘बेस्ट’. मराठीत ‘दोघांत चांगला’ व ‘सर्वांत चांगला’ यांत विशेषण एकच असल्यामुळे हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो.

(ई) सल्ला देताना: ‘यू हॅड बेटर गो नाऊ.’ यातील ‘हॅड’ पाहून मुले भूतकाळ समजतात. अर्थ मात्र पुढील काळाचा आहे: ‘तू आता निघालेले बरे.’ मराठी वाक्याकडे नीट पाहिले तर तेथेही ‘निघालेले’ हे रूप भूतकाळी घडणीचेच आहे, आणि गोष्ट पुढची आहे. तेव्हा आपल्या मुलास ही रचना समजणे अवघड नाही. एक सावधगिरी मात्र सांगावी. या रचनेत किंचित धाक असतो. मित्राला किंवा धाकट्या भावाला असे म्हणता येते. आजोबांना, गुरुजींना किंवा अधिकाऱ्यांना म्हटल्यास उद्धटपणा होतो.

(उ) ‘बेटर लेट दॅन नेव्हर’ या इंग्रजी म्हणीचा भाव ‘न येण्यापेक्षा उशिरा आलेले बरे’ असा आहे. येथे ‘बरे’ हाच योग्य शब्द होय. ‘बरा’ हा शब्द संस्कृत ‘वर’ म्हणजे निवडलेला, पसंत केलेला, यापासून आला आहे. त्यामुळे दोहोंतून एक पत्करण्याचा अर्थ त्यात मुळातच आहे.

७. नेहमीच्या चुका

‘मोअर बेटर’ ही चूक सर्वत्र आढळते. ‘बेटर’मध्ये ‘अधिक’ हा अर्थ आलेलाच असल्यामुळे ‘मोअर’ लावणे म्हणजे तुलनेवर तुलना होय. परंतु ही चूक करणाऱ्या मुलाला हसू नये. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीतही अशी दुहेरी रूपे शिष्ट मानली जात. पुढे वैयाकरणांनी ती त्याज्य ठरविली. आपणही ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतोच. वास्तविक ‘श्रेष्ठ’ या शब्दाचाच अर्थ ‘सर्वांत उत्तम’ असा आहे.

‘व्हेरी बेटर’ हीही चूकच. ‘पुष्कळ बरे’ म्हणावयाचे असेल तर ‘मच बेटर’ व ‘थोडे बरे’ म्हणावयाचे असेल तर ‘अ लिटल बेटर’ म्हणावे. ‘बटर’, ‘बिटर’ व ‘बेटर’ या तीन शब्दांचे उच्चार एकापुढे एक करवून घ्यावेत. त्यांचे अर्थ अनुक्रमे लोणी, कडू आणि अधिक चांगले असे आहेत.

८. वर्गात आणि नोंदवहीत

‘बेटर’ शिकविताना दोन मुलांना उभे करून ‘हा त्याच्यापेक्षा बेटर’ असे उदाहरण कदापि देऊ नये. ज्याच्याकडे बोट दाखवून ‘पेक्षा’ म्हटले जाते, त्या मुलाला त्या दिवशी व्याकरणातील दुसरे काही आठवत नाही. त्याऐवजी दोन खडू, दोन पिशव्या, दोन रस्ते घ्यावेत. सर्वांत उत्तम साधन म्हणजे त्याच मुलाची जूनमधील वही आणि आजची वही. दोन्ही पाने शेजारी ठेवून ‘युअर रायटिंग इज बेटर नाऊ’ असे म्हणावे. मुलाला शब्दाचा अर्थ डोळ्यांनी दिसतो आणि उत्साहही वाढतो.

हाच नियम आपल्या नोंदींनाही लागू आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत राज्यात २०१० साली आली, तेव्हापासून शिक्षक वर्णनात्मक नोंदी लिहितात. ‘वाचन बरे आहे’, ‘प्रगती चांगली’ अशा नोंदींत वरील तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नसते. त्याऐवजी ‘जूनमध्ये जोडाक्षरापाशी अडत होती; आता छोटा परिच्छेद न थांबता वाचते; विरामचिन्हांकडे लक्ष देणे बाकी आहे’ असे लिहिले, तर पालकांना कळते, पुढील वर्षीच्या शिक्षकांना कळते, आणि मुलीला पुढे काय करावयाचे तेही ठरते. ‘बेटर’ हा शब्द नोंदीत एकदाही न येता त्याचा अर्थ पूर्णपणे उतरतो.

९. सरावासाठी

पुढील वाक्ये विद्यार्थ्यांकडून इंग्रजीत करवून घ्यावीत आणि प्रत्येक वाक्यास वरील तीन प्रश्न लावून पाहावेत:

(१) माझी प्रकृती कालपेक्षा आज बरी आहे.
(२) या दोन वाटांपैकी तुळजापूरची वाट चांगली आहे.
(३) पाऊस येत आहे. तू घरी गेलेले बरे.
(४) ती माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले गाते.
(५) ही पिशवी फाटकी आहे. पण त्या पिशवीपेक्षा बरी आहे.

पाचव्या वाक्यावर वर्गात थोडा अधिक वेळ द्यावा. फाटकी पिशवीही ‘बेटर’ असू शकते, हे ज्या मुलाला पटवून सांगता आले, त्याला हा शब्द समजला असे मानण्यास हरकत नाही.